जमीन की खाट? रांगत्या बाळाच्या रात्रीचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, आयुष्यभर तुम्ही आम्हाला कांट आणि शंकराचार्य शिकवले. आता बाळाच्या अंथरुणावर बोलणार?" आम्ही म्हटले, हो बाबा, बोलणार. कांटला मूलबाळ नव्हते आणि शंकराचार्य संन्यासी होते. त्यामुळे हा प्रश्न त्या दोघांनी आमच्यासाठी शिल्लक ठेवला आहे.

प्रश्न साधा आहे. मूल चार-पाच महिन्यांचे होईपर्यंत ठेवले तिथे राहते. मग एके दिवशी ते कुशीवर वळते, पालथे पडते, पोटावर सरकते, आठव्या-नवव्या महिन्यात रांगते आणि काहीतरी धरून उभे राहते. दिवसा आपण त्याचे कौतुक करतो. पण रात्र होते, सगळे घर एका अंथरुणावर निजते, आणि जागे असते ते फक्त हे नवे पाय फुटलेले मूल. त्या रात्रीचे काय करायचे? आपल्या आज्या-पणज्यांनी काय केले? त्यात बरोबर काय होते, आणि चुकत कुठे होते?

या उन्हाळ्यात आमच्या घरातच हा वाद झाला. लेक परदेशातून आली, सात महिन्यांचा नातू घेऊन. तो नुकताच पालथा पडून पुढे सरकायला लागलेला. लेकीचे म्हणणे, बाळ आमच्या खोलीत झोपेल, पण वेगळ्या पलंगडीत झोपेल. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे, "एवढंसं लेकरू एकटं निजवतात का? मधात घ्या त्याला." दोघी आमच्याकडे बघायला लागल्या. तत्त्वज्ञानाच्या माणसावर निवाड्याची वेळ आली की तो मुदत मागतो. आम्हीही मागितली. आज जे सांगणार आहोत ते त्या मुदतीत सुचलेले आहे. काही तर सत्तर वर्षे मनात पडून होते.

आधी घर डोळ्यांसमोर आणा. आमचा जन्म अर्जुनी मोरगावकडच्या एका खेड्यातला. तेव्हा ते गाव भंडारा जिल्ह्यात होते आणि भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता. १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात गेलो, १९६० साली महाराष्ट्रात आलो आणि १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्ह्याचे झालो. या सगळ्या प्रवासात घर जागचे हलले नाही. मातीच्या भिंती, वर कवेलू, खाली शेणाने सारवलेली जमीन, एका कोपऱ्यात धानाची कोठी. बाहेर बांध्या, आणि बांध्यांच्या वर गावतलाव. हा सगळा मुलूखच धानाचा आणि तलावांचा.

अशा घरात 'बाळाची खोली' हा शब्दच नव्हता. बारशाला पाळणा टांगला जायचा, दिवसा लुगड्याची झोळी असायची. पण मूल पालथे पडायला लागले, काठ धरून उठायला लागले, की पाळणा उतरवायचा हे प्रत्येक म्हातारीला ठाऊक होते. तिथून पुढे मूल मोठ्यांच्या अंथरुणावर. आईच्या एका बाजूला तान्हे, आणि त्याच्या आधीचे आजीच्या कुशीत.

हे अंथरूण वर्षभर एका जागी नसायचे, आणि हेच आज आपल्याला नीट बघायचे आहे. उन्हाळ्यात खाटा अंगणात यायच्या. हिवाळ्यात जमिनीवर तणस पसरायचे, त्यावर पोते, त्यावर गोधडी, आणि उशाशी शेगडी. पावसाळ्यात मात्र जमीन ओली, किड्यामुंग्यांचे राज्य, म्हणून पुन्हा खाट, पण घरात. म्हणजे 'आपली परंपरा' असे एकवचनात म्हणतो ती एक नव्हतीच. तीन ऋतूंच्या तीन व्यवस्था होत्या, आणि प्रत्येकीचा धोका वेगळा होता.

जमिनीवर निजलेले मूल पडत नाही. पडायला जागाच नाही. रांगत गेले तर चार हात जाईल. पण जमिनीवर शेगडी आहे, चिमणी आहे, आणि पावसाळ्यात मण्यार आहे. मण्यार रात्री हिंडते. तिचे भक्ष्य म्हणजे दुसरे साप, पाली, बेडूक, उंदीर. त्यांच्या मागे ती घरात येते आणि अंथरुणात शिरते. तिचा दंश फारसा दुखत नाही, खूण नीट दिसत नाही. माणूस झोपेतच राहतो, पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात आणि मग श्वास अडतो. बोलता न येणाऱ्या मुलाचे काय होत असेल याची कल्पना करा. ही भीती बायाबापड्यांची अंधश्रद्धा नव्हती. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतली बहुतेक खेड्यांतली, आणि सुमारे निम्मी पावसाळ्यातली.

खाटेवर मण्यारीचा धोका कमी. पण खाटेला काठ आहे, आणि काठाच्या पलीकडे पोकळी आहे. नुकतेच सरकू लागलेल्या मुलाला ही पोकळी कळत नाही. त्याचे डोके शरीराच्या मानाने जड. ते आधी डोक्यानेच खाली जाते.

तर मंडळी, प्रश्न असा उभा राहतो. जमीन की खाट? साप की पडणे? आमच्या मुलखातल्या प्रत्येक आईने हा प्रश्न दर पावसाळ्यात सोडवलेला आहे. त्याची नोंद कुठल्या बखरीत नाही.

आता आमच्या घरातली गोष्ट. ही आजवर जाहीरपणे सांगितलेली नाही.

१९५८ चा श्रावण. आम्ही सात वर्षांचे. धाकटा भाऊ आठ महिन्यांचा, सरकत सरकत घरभर जाणारा. रोवणी चाललेली. माय दिवसभर बांधीत वाकून, चिखलात पाय घालून रात्री घरी यायची. त्या आठवड्यात शेजारच्या घरात अंथरुणाखाली मण्यार निघाली. आजीने हुकूम काढला, भुईवर कोणी निजायचे नाही. खाट आत आली. पण लेकरू उलटते, सरकते, मग खाटेवरून पडेल त्याचे काय? आजीच म्हणायची, "लेकरू उलटाले लागलं, आता त्याले खाटीवर निजवू नोको." आता तीच खाटेवर निजवा म्हणत होती, कारण मण्यार जास्त भयंकर. मग वडिलांनी तोड काढली. खाट भिंतीला लावली. एका बाजूने भिंत, दुसऱ्या बाजूने माय. लेकरू मधात. जाईल कुठे?

मातीची भिंत कशी असते ते आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. खाली जाड, वर जाताना निमुळती. खाटेचे पाय भिंतीच्या बुडाला टेकले, पण वर, खाटेच्या काठापाशी, भिंत मागे सरलेली होती. तिथे वीतभर फट राहिली. अंधारात ती दिसत नाही, आणि गोधडी टाकली की दिवसाही दिसत नाही.

सकाळी भाऊ त्या फटीत होता.

आम्हाला शेजारी नेऊन बसवले. तिथे बाया बोलत होत्या, ते ऐकू आले. "मायच्या अंगाखाली आलं." दुपारपर्यंत गावभर तेच झाले. दमलेली बाई, मेल्यासारखी झोपली, लेकरू अंगाखाली आले. त्यानंतर माय तीस वर्षे जगली. तिने ते कधी नाकारले नाही. तिलाही तसेच वाटत होते.

१९८४ साली ते घर पाडून नवे बांधायला काढले. भिंत उतरवायच्या आदल्या दिवशी वडिलांनी आम्हाला आत नेले, भिंतीच्या बुडावर हात ठेवला, मग वर सरकवला आणि ती फट दाखवली. लेकराला तिथून त्यांनीच काढले होते, मायला जाग यायच्या आधी. आम्ही विचारले, मग तुम्ही बोलला का नाही? ते म्हणाले, "खाट भितीले मीच लावली होती."

मंडळी, इथे आम्ही वडिलांना दोष देऊन मोकळे होऊ शकतो. पण पुढची चार वर्षे माय होती, आणि ही गोष्ट आम्हालाही माहीत होती. आम्ही तिला सांगितली नाही. जुनी जखम कशाला उघडायची, असे स्वतःला समजावले. तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक होतो, कारण सापडायला वेळ लागला नाही. ती अपराधी म्हणूनच गेली. आज बाळाच्या अंथरुणावर बोलायला का उभे राहिलो, त्याचे उत्तर हे आहे.

आता जरा मागे जाऊ या. जुन्या लोकांनी याचा विचार केला होता का? केला होता.

चरकसंहितेच्या शारीरस्थानातल्या आठव्या अध्यायात 'कुमारागार' येते, म्हणजे बाळाची जागा. ती मजबूत असावी, अंधारी नसावी, वाऱ्याचा झोत नको पण हवा खेळती हवी. तिथे श्वापदे, जनावरे, दाढांचे प्राणी, उंदीर, किडे पोचू नयेत. अंथरूण-पांघरूण मऊ, हलके, स्वच्छ असावे. मळलेले, ओले झालेले बदलावे. खेळण्यांबद्दल तर आजच्या एखाद्या मानक संस्थेने लिहावे तसे लिहिले आहे. टोकदार नको, तोंडात जाईल असे नको, भीती वाटेल असे नको. म्हणजे मूल हालचाल करणार, वस्तू तोंडात घालणार, हे गृहीत धरून जागा मांडायची. मुलाला शिकवून नव्हे, जागा बदलून सुरक्षितता आणायची. हा विचार फार मोलाचा आहे. फक्त लक्षात ठेवा, कुमारागार बांधणारा मनुष्य श्रीमंत होता. एका खोलीत आठ माणसे निजणाऱ्या घराची वास्तू चरकाने सांगितलेली नाही.

दुसरी आठवण भागवताच्या दशम स्कंधातली, सातव्या अध्यायातली. शकटभंजनाची कथा आपण कीर्तनात ऐकतो, पण तिचे निमित्त काय होते हे बहुतेकांना आठवत नाही. बाळकृष्ण पहिल्यांदा कुशीवर वळला, त्याचा सोहळा होता. घर पाहुण्यांनी भरलेले. यशोदा त्यांच्या सरबराईत. बाळ झोपले म्हणून तिने त्याला एका गाड्याखाली निजवले. गाड्यावर भांडी रचलेली. बाळाला भूक लागली, त्याने पाय झाडला आणि गाडा उलटला. जवळ खेळणाऱ्या पोरांनी सांगितले, यानेच लाथ मारली. मोठ्या माणसांनी विश्वास ठेवला नाही. एवढेसे मूल गाडा कसा उलटवील?

भक्तांना त्यात ईश्वरलीला दिसते, ते योग्यच आहे. पण कथा रचणाऱ्याला घर किती ठाऊक होते ते बघा ना. ज्या दिवशी 'बाळ वळले' म्हणून पेढे वाटतो, त्याच दिवशी त्याला कालच्याच जागी निजवतो. आणि अपघात झाला की म्हणतो, एवढ्याशा मुलाने हे केले असेलच कसे? रांगत्या मुलाच्या सगळ्या अपघातांत हे वाक्य असते. मोठ्यांच्या मनातले मूल खऱ्या मुलापेक्षा महिनाभर मागे असते.

आता एक तुलना. बायबलच्या जुन्या करारात शलमोन राजाच्या निवाड्याची गोष्ट आहे. दोघी बायका, एक जिवंत मूल, दोघी म्हणतात माझे. ही गोष्ट सुरू कुठून होते? एकीचे मूल रात्री तिच्या अंगाखाली येऊन मेले, तिथून. आपल्याकडे याच कोड्याची बहीण शोभेल अशी गोष्ट महाउम्मग्ग जातकात आहे. तिथे आई मुलाला न्हाऊ घालते, काठावर कपड्यांवर ठेवते आणि स्वतः पाण्यात उतरते. तेवढ्यात यक्षिणी मूल उचलते. न्यायाचा मुद्दा एकच, आई कोण हे ओळखणे. पण संकट वेगळे. तिथे मूल जाते ते आई फार जवळ असल्यामुळे, इथे जाते ते आई क्षणभर दूर गेल्यामुळे. दोन गोष्टींवरून दोन संस्कृतींचा स्वभाव ठरवणे घाईचे होईल. तरी आमच्या लेकीच्या आणि सौभाग्यवतींच्या वादात ह्याच दोन भीती समोरासमोर होत्या, एवढे खरे.

युरोपात 'अंगाखाली येण्याची' भीती शतकानुशतके चालत आली. फ्लॉरेन्समध्ये एक लाकडी सांगाडा वापरत, वर कमानी असलेला. मोठ्यांच्या अंथरुणात बाळ त्याच्या आत ठेवायचे, म्हणजे पांघरूण आणि दाईचे अंग त्याच्यावर येणार नाही. पाजण्यासाठी बाजूला खाच ठेवलेली. १७३२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचे वर्णन छापून आले. म्हणजे बघा, बाळाला अंथरुणातून काढायचे नाही, अंथरुणातच त्याची जागा राखायची, ही युक्ती तीनशे वर्षांपूर्वीची आहे.

पुढे कारखान्यांची शहरे आली, एका खोलीत सगळे कुटुंब आले, आणि दोष द्यायची पद्धतही बदलली. स्कॉटलंडमधल्या डंडी शहराच्या पोलीस डॉक्टर टेम्पलमन यांनी १८९२ साली बाळांच्या गुदमरण्याच्या २५८ घटना छापल्या. शनिवारच्या रात्री त्या जास्त घडतात असे त्यांनी दाखवले. शनिवार म्हणजे मजुरीचा आणि दारूचा दिवस. दाटीवाटी, दारू आणि आयांची बेफिकिरी, अशी कारणे त्यांनी दिली. १९०८ च्या ब्रिटिश बालक कायद्यात तर तीन वर्षांखालचे मूल दारू प्यालेल्या मोठ्या माणसाबरोबर अंथरुणात गुदमरले तर तो गुन्हा ठरला. दारूबद्दलचा मुद्दा आजही शंभर टक्के खरा आहे, आणि मोहफुलांच्या आमच्या मुलखात तो मोठ्याने सांगायला हवा. पण त्या यादीतली किती बाळे खरोखर अंगाखाली आली होती? ते कोणालाच ठाऊक नाही. झोपेत, कारण न सापडता बाळ जाते, अशा मृत्यूला वैद्यकशास्त्राने वेगळे नाव दिले १९६९ मध्ये. तोवर जे बाळ सकाळी उठले नाही, त्याची आई दोषी. डंडी काय आणि अर्जुनी काय.

नाव मिळाल्यावर अभ्यास सुरू झाला. बाळाला पालथे निजवणे धोक्याचे आहे हे कळले. अमेरिकेत १९९४ पासून 'पाठीवर निजवा' ही मोहीम चालली आणि अशा मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आज तिथली बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, पहिले किमान सहा महिने बाळ आईवडिलांच्या खोलीत असावे, पण वेगळ्या, सपाट, टणक अंथरुणावर, पाठीवर. त्याच्याजवळ उशी नको, जाड पांघरूण नको. २०२२ च्या सूचनांतही हेच आहे. आमची लेक हेच सांगत होती. ती काही परदेशी फॅशन घेऊन आली नव्हती.

दुसऱ्या बाजूलाही अभ्यासक आहेत. जेम्स मॅकेना या मानववंशशास्त्रज्ञाने स्तनपान करणारी आई आणि बाळ एकत्र निजतात तेव्हा काय होते ते प्रयोगशाळेत बघितले. दोघांची झोप एकमेकांना लागून चालते, दोघे वरचेवर हलके जागे होतात. १९९९ साली ब्रिटनमध्ये छापलेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसले की चौदा आठवड्यांवरच्या बाळांमध्ये, किंवा आईवडील धूम्रपान करत नसतील तर, एकत्र निजण्याने धोका वाढलेला आढळत नाही. सोफ्यावर बाळ घेऊन झोपणे मात्र अत्यंत धोक्याचे ठरले. जपानी लोक आई, मूल, वडील असे ओळीने निजण्याला 'नदी'च्या अक्षराची उपमा देतात. ते अक्षर म्हणजे तीन उभ्या रेघा, मधली आखूड. आपल्या घरातलेच चित्र.

मग न्याय कसा करायचा? आमच्या सौभाग्यवतींचा युक्तिवाद होता, "आपली तिन्ही मुलं अशीच वाढली. काय झालं त्यांना?" हा युक्तिवाद प्रत्येक घरात आहे, आणि आम्हाला तो फार दिवस बरोबर वाटत होता. सिसेरोने सांगितलेली एक ग्रीक गोष्ट आहे. डायगोरस नावाच्या नास्तिकाला कोणी देवळातली चित्रे दाखवली. नवस बोलून वादळातून वाचलेल्या खलाशांची. बघ, देव तारतो की नाही? त्याने विचारले, जे नवस बोलूनही बुडाले, त्यांची चित्रे कुठे आहेत?

आजीचे शहाणपण असेच आपल्यापर्यंत येते. ज्यांची मुले वाढली त्या आज्या झाल्या आणि बोलल्या. आमच्या मायसारख्या गप्प राहिल्या. त्यांना भिंतीची फट माहीत असती आणि बोलायची मुभा असती, तर 'खाट भिंतीला लावा' या सल्ल्याच्या मागे 'पण आधी फट बघा' हे वाक्य पिढ्यानुपिढ्या चालत आले असते. दोष देण्याने नुसते दुःख होत नाही, मंडळी. माहितीही मरते. 'माय झोपली' म्हटले की चौकशी संपली. पुढच्या घरातली खाट तशीच राहिली.

उलट बाजूनेही एवढेच खरे आहे. ज्या घरात मण्यार येत नाही, जिथे प्रत्येक बाळाला टणक गादीची वेगळी पलंगडी विकत मिळते, तिथे केलेला नियम जसाच्या तसा सालेकशातल्या किंवा देवरीतल्या घरात नेला, तर ती आई काय करील? तो नियम ऐकेल, मान हलवील आणि रात्री पूर्वीसारखेच करील. फक्त आता ते लपवील. आणि लपवलेल्या गोष्टीवर सल्ला देता येत नाही.

आता आजचा गोंदिया. घरे बदलली. स्लॅब आला, फरशी आली, लग्नात डबल बेड आला आणि त्यावर जाड फोमची गादी आली. तणसावर गोधडी टाकलेले अंथरूण टणक होते. फोममध्ये बाळाचे तोंड रुतते. पलंग आजही आपण भिंतीला लावतो, त्याच हेतूने, आणि गादी-भिंतीतली फट आजही बघत नाही. पलंगाच्या उघड्या बाजूला उशांची, लोडांची भिंत रचतो. सात महिन्यांचे मूल त्या भिंतीवरून चढून जाते, नाहीतर तिच्यात तोंड खुपसते. उन्हाळ्यात विदर्भात कूलर पलंगाच्या अगदी उशाशी असतो, पाण्याचा आणि विजेचा. मूल पलंगावर उभे राहायला लागले की त्याचा हात आधी तिथेच जातो. गच्चीवर निजायचे तर कठडा बघा. हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवली तर तिचा विषारी वायू दिसत नाही आणि वासही येत नाही.

आमच्या शेजारचा जिल्हा गडचिरोली. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि बालमृत्यू किती कमी होतात ते १९९९ साली जगाला दाखवले. त्यांनी घर चुकीचे आहे असे म्हटले नाही. घरात जाऊन, आहे त्या घरात काय करता येईल ते बघितले. २०१८ पासून आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येतात. सहावा आणि नववा महिना म्हणजे नेमका आपला विषय. त्या आल्या की वजनाबरोबर त्यांना अंथरूणही दाखवा. लाजू नका.

आणि एक वस्तू अशी आहे की जिने जमीन की खाट हा जुना वादच बराचसा मिटवला. मच्छरदाणी. आमच्या पट्ट्यात ती हिवतापासाठी आली, औषध लावलेली. पण २००७ साली नेपाळच्या तराईतल्या एका अभ्यासात दिसले की नीट खोचलेल्या मच्छरदाणीत निजणाऱ्यांना सर्पदंश फार कमी होतो. म्हणजे आता जमिनीवर निजता येते. मूल पडत नाही आणि मण्यार आत येत नाही. अट एवढीच, मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली ताणून खोचायची. लोंबती ठेवली तर साप आत येईल आणि मूल तिच्यात गुंतेल.

तर आमच्या घरातला निवाडा काय झाला? खरे तर निवाडा आम्ही दिलाच नाही. आम्ही लेकीला आणि सौभाग्यवतींना एकत्र बसवून भावाची गोष्ट सांगितली. लग्नाला पन्नास वर्षे होत आली, सौभाग्यवतींनी ती पहिल्यांदा ऐकली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठल्या आणि पलंग भिंतीपासून ओढायला लागल्या.

शेवटी पलंगच काढला. मधल्या खोलीत, भिंतींपासून दोन हात लांब, जमिनीवर कापसाची जुनी टणक गादी टाकली. तिच्यावर ताठ चादर. वर मच्छरदाणी, खोचलेली. लेक गादीच्या एका कडेला, बाळ तिच्या शेजारी पाठीवर, आणि मध्ये त्याला वेगळे पांघरूण नाही, मोहरीची उशी नाही. रात्री तो स्वतः वळून पालथा झाला तर होऊ द्यायचे, कारण आता त्याला दोन्हीकडे वळता येते. कूलर पलीकडच्या खिडकीत गेला. तंबाखू-दारूचा प्रश्न आमच्याकडे नव्हता. ज्यांच्याकडे आहे, किंवा ज्यांचे बाळ दिवसांआधी जन्मलेले आहे, अशक्त आहे, त्यांनी बाळाला शेजारच्या वेगळ्या अंथरुणावरच निजवावे, आणि डॉक्टरांना विचारावे. सौभाग्यवती शेजारच्या खाटेवर झोपल्या. त्यांचा हात मच्छरदाणीला लागेल इतक्या जवळ.

आणि पावसाळ्यासाठी एक सांगून ठेवतो. मूल रात्री अचानक रडून उठले, नंतर मलूल झाले, पापण्या मिटायला लागल्या, तर दंशाची खूण शोधत बसू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. सरळ सरकारी दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारींवर चालणारे प्रतिविष तिथे मिळते.

आमचे बोलणे इथे थांबवतो. प्रश्न असतील तर विचारा. पण घरी गेल्यावर एक काम करा. ज्यांच्या घरी लहान मूल आहे, किंवा येणार आहे, त्यांनी दिवा लावा, गादी उचला आणि पलंगाचा काठ व भिंत यांच्यामध्ये हात घालून बघा. हात आत जात असेल तर पलंग ओढा. आजच रात्री. आणि तुमच्या गावात कोणा आईबद्दल 'अंगाखाली आलं' असे बोलले जात असेल, तर ते ज्याने पहिल्यांदा म्हटले त्याला विचारा, तू बघितलेस का?